आधी टाच दाखवा, मग आधार मागा

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून कृष्णाकाठची, जतकडची आणि कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडची माणसं आपली दुखणी घेऊन या गावात उतरतात. तपासणी झाली की चिठ्ठी हातात धरून त्यांतली बरीच जणं आमच्यासारख्या सर्जिकल सामानाच्या दुकानाची पायरी चढतात. कमरेचा पट्टा, मानेची कॉलर, गुडघ्याची कॅप या वस्तू मागायला सोप्या आणि द्यायलाही सोप्या. टाचेचं तसं नाही. "टाच लई दुखतीया, एक पट्टा द्या वहिनी," असं म्हणून माणूस गल्ल्यापाशी उभा राहतो आणि माझ्या मागच्या फळीवर टाचेसाठी म्हणून कितीतरी तऱ्हा मांडलेल्या असतात. हील पॅड, हील कप, कमानीचे इनसोल, अँकलेट, बाइंडर, जेलचे मोजे, रात्रीचा स्प्लिंट, एमसीआरच्या चपला. यांतली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी टाचेला गुण देते. तीच वस्तू शेजारच्या माणसाच्या टाचेला काही कामाची नसते.

या गल्ल्यामागं मी बरीच वर्षं उभी आहे. मधल्या काळात माझी स्वतःची उजवी टाचही कितीतरी महिने ठणकत होती. मी डॉक्टर नाही. निदान करणं त्यांचं काम. पण निदान झाल्यावर आधार कोणता घ्यायचा, कुठं घालायचा आणि कधी घालायचा नाही, हे चिठ्ठीवर मावत नाही. ते इथं लिहिते आहे.

१. एक बोट ठेवायला सांगा

"टाच दुखते" एवढ्यावर मी फळीकडं वळत नाही. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवते आणि जिथं सर्वांत जास्त दुखतं तिथं एका बोटानं दाबून दाखवायला सांगते. "ही अख्खी टाच" म्हणत तळहात फिरवणारी माणसंही पुन्हा विचारलं की नेमक्या जागी बोट ठेवतात.

बोट टाचेच्या तळाला, आतल्या अंगानं, जिथं कमान सुरू होते त्या कडेवर गेलं तर बहुधा प्लांटर फॅशिया, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळपायाचा चिवट पडदा दुखावलेला असतो. मोठ्या माणसांच्या टाचदुखीत हेच सर्वांत जास्त आढळतं. अशा पायाला टाच वाटीत घेणारा आणि कमानीला खालून उचलून धरणारा आधार लागतो.

बोट टाचेच्या बरोबर मधोमध गेलं, आणि फरशीवर पाय टेकला की ठेचल्यासारखं होत असेल, तर टाचेखालच्या चरबीच्या गादीकडं बघावं लागतं. ही गादी दीड-दोन सेंटीमीटर जाडीची असते. बारीक बारीक कप्प्यांत चरबी भरलेली असते आणि चालताना बसणारा दणका ती पचवते. वय वाढलं की कप्प्यांच्या भिंती सैल पडतात, चरबी बाजूला पसरते आणि हाड जमिनीच्या जवळ येतं. इथं उभ्या कडांचा हील कप उपयोगी पडतो, कारण त्या कडा पसरलेल्या चरबीला आवळून पुन्हा हाडाखाली आणतात. नुसत्या सपाट पॅडनं मऊ लागतं, पण चरबी बाजूला पसरतच राहते.

बोट टाचेच्या मागं, पोटरीतून येणारी जाड धोंडशीर जिथं हाडाला चिकटते तिथं गेलं तर गोष्टच वेगळी. तिथं टाच साधारण सेंटीमीटरभर उंच करणारी, दाबली तरी न बसणारी पट्टी दोन्ही बुटांत घातली की शिरेवरचा ताण कमी होतो. आणि बुटाची मागची कड जर त्याच जागी घासत असेल, तर कुठलाही पॅड घेण्याआधी तो बूट बाजूला ठेवावा. मागं उघडी असलेली चप्पल घालून चार दिवस बघायला मी सांगते. त्यात विक्री होत नाही, पण माणसाला बरं वाटतं.

२. दुखण्याची वेळ विचारा

"सकाळी उठल्या उठल्या भुई सोसत नाही. न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जाते. मग जरा सुटतं. पुन्हा दुपारी बसून उठलं की तेच." हे वर्णन मी इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचं वाक्य मीच बोलू शकते. हा फॅशियाचा ठसा आहे. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पडदा आणि पोटरी आखडतात, आणि पहिल्याच पावलाला अंगाचा सगळा भार त्या आखडलेल्या पडद्यावर येतो.

या पडद्याचं काम समजलं की आधाराची निवड निम्मी होते. तळपायाची कमान धनुष्यासारखी धरली तर हा पडदा तिची दोरी. चालताना टाच उचलली, बोटं वर वळली की दोरी ताणली जाते आणि कमान उंच होऊन पाऊल ताठ होतं. जे. एच. हिक्स या ब्रिटिश संशोधकानं १९५४ मध्ये ही रचना उलगडून दाखवली. म्हणजे दर पावलाला हा ताण येणारच. कमानीखालचा आधार दोरीचा थोडा भार स्वतःवर घेतो. टाचेखालचा पॅड दोरी जिथं हाडाला बांधली आहे त्या जागेवरचा दणका कमी करतो. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि ज्याला दोन्हींची गरज आहे त्यानं फक्त पॅड नेला तर गुणही निम्माच येतो.

सकाळी ठीक आणि दिवस चढेल तसं वाढत जाणारं दुखणं गादीचं असू शकतं. पाय उचलून पलंगावर ठेवला, भार नाही, तरी रात्री ठणका थांबत नाही, अशा टाचेला मी काही देत नाही. तिला परत डॉक्टरांकडं पाठवते.

३. अनवाणी किती वेळ असता, ते आधी मोजा

टाचेच्या आधाराबद्दल जे काही छापलेलं असतं, ते दिवसभर बूट घालणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून छापलेलं असतं. इनसोल बुटात. पॅड बुटात. आमच्या गिऱ्हाइकांत दिवसभर बूट घालणारी माणसं किती? बँकेतले साहेब, पोलीस, एसटीचे कंडक्टर, काही शिक्षक. बाकीच्यांच्या पायात चप्पल, आणि घरात आलं की तीही उंबऱ्याबाहेर. सकाळचं पहिलं पाऊल, जे सर्वांत जास्त दुखतं, ते पडतं थेट शहाबादी फरशीवर नाहीतर गुळगुळीत टाइलवर. त्यानंतर दोन तास ओट्यापाशी उभं राहणं. मग झाडलोट, धुणं, देवपूजा. हे सगळं अनवाणी.

म्हणून घरातल्या बाईनं भारीतला इनसोल नेला आणि तो तिच्या लग्नकार्याच्या बुटात पडून राहिला, तर इनसोल वाईट होता असं म्हणता येत नाही. ज्या तासांना टाच जमिनीशी झगडत होती, त्या तासांना तो उंबऱ्याबाहेर होता.

मी आता सगळ्यांना एकच विचारते: उठल्यापासून झोपेपर्यंत कुठल्या जमिनीवर किती वेळ उभं असता? उत्तर बोलता बोलता माणसाला स्वतःलाच सापडतं. इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे एक काका म्हणाले, "बारा तासांची पाळी. माग चालू असताना बसायचं कुठलं? शिमिटाची जमीन आणि पायात हवाई." त्यांच्यासाठी आधाराची जागा होती कारखाना. त्यांनी मागं पट्टा असलेली, टाचेला खोलगट वाटी असलेली जाड तळाची सँडल घेतली आणि हवाई चप्पल फक्त घरापुरती ठेवली. एका शाळेतल्या बाईंचं उलटं होतं. शाळेत त्यांचे बूट चांगले होते, दुखणं वाढायचं ते संध्याकाळच्या स्वयंपाकात. त्यांना मी बुटासाठी काहीच दिलं नाही. घरात घालायची, टाच वाटीत घेणारी वेगळी चप्पल आणि ओट्यापुढं जाड रबरी मॅट, एवढ्यावर त्यांचं भागलं.

घरात चप्पल म्हटलं की पुष्कळ घरांत भुवया उंचावतात. स्वयंपाकघरात आणि देवघरात चप्पल चालत नाही, सासूबाईंना आवडत नाही. या अडचणीवर हसणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ती अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. घरातली चप्पल कधीच उंबऱ्याबाहेर न्यायची नाही आणि बाहेरची आत आणायची नाही, एवढं ठरलं की बहुतेक सासवा मान्य करतात. जिथं तेही चालत नाही तिथं टाचेला जेलची वाटी शिवलेले मोजे आहेत. ते रोज धुता येतात आणि देवघरातही कुणाची हरकत नसते. कमानीला त्यांचा फारसा आधार नाही, पण टाच थेट फरशीवर आपटत नाही. फक्त ओल्या फरशीवर हे मोजे घसरतात. न्हाणीघरात जाताना ते काढलेच पाहिजेत. टाच वाचवताना कमरेचं हाड मोडून घेतलेली माणसं आमच्याकडं वॉकर न्यायला येतात.

नवरात्रानंतरच्या दिवसांत टाचांची गर्दी वाढते. नऊ दिवस अनवाणी राहण्याचं व्रत, त्यात पहाटे डांबरी रस्त्यानं देवीपर्यंत चालत जाणं. व्रत सोडा असं मी कुणाला सांगत नाही, ते सांगणारी मी कोण. ज्यांची टाच आधीपासून दुखते त्यांना एवढं सुचवते की जमेल तिथं डांबर सोडून मातीच्या कडेनं चाला, आणि घरी आल्यावर पोटरी ताणल्याशिवाय झोपू नका. तळपायाला चिकटपट्टीचा आधार बांधून घेऊनही अनवाणी राहता येतं. काही जणी ते करतात.

पहाटेच्या पहिल्या पावलासाठी तर वस्तूची जागा पक्की आहे: पलंगाशेजारी, पाय खाली सोडला की सापडेल अशी. दाराशी ठेवलेली चप्पल त्या पावलाला मिळत नाही.

४. अंगठ्यानं दाबून बघा

मऊ दिसलं की माणूस भुलतो. फोमची गादी हातात घेऊन "काय लुसलुशीत आहे" म्हणतात आणि तीच उचलतात. गल्ल्याच्या काचेवर ती वस्तू ठेवायची आणि अंगठ्यानं सगळा जोर लावून दाबायचं. खालची काच अंगठ्याला लागली तर अंगाच्या भाराखाली ती वस्तू पहिल्या आठवड्यात चपटी होणार. चांगलं सिलिकॉन दबतं, पण तळाला जात नाही आणि बोट उचललं की लगेच पूर्वीसारखं होतं. कमानीचा भाग याहून घट्ट हवा. तो बोटानं सहज दुमडला जात असेल तर पायाची कमान त्याला दुमडणारच.

उलट टोकाचं, लाकडासारखी कडक कमान असलेलं इनसोल पहिल्याच दिवशी दिवसभर घालणाऱ्याच्या तळपायाला गोळे येतात. पहिले काही दिवस तास-दोन तास, मग वाढवत न्यायचं.

कोल्हापुरी चपलेबद्दल इकडं हमखास विचारतात. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आमचा सांगली जिल्हाही आहे, आणि तिचं कातडं वर्षानुवर्षं टिकतं. पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो. टाचेला वाटी नाही, कमानीला उंचवटा नाही. निरोगी पायानं ती जन्मभर घालावी. टाच दुखत असेपर्यंत तिला खुंटीला अडकवावं. तिच्यावर चिकटवलेला सिलिकॉनचा पॅड घामानं सरकतो आणि पाय चपलेबाहेर जातो.

५. घोट्याचा पट्टा घोट्यासाठी असतो

"पट्टा द्या" म्हणणाऱ्यांना अँकल बाइंडर किंवा अँकलेट हवं असतं, कारण पट्टा आवळला की दुखणं धरल्यासारखं वाटतं. पाय मुरगळला असेल, घोटा बाजूला कलंडत असेल, तर ही वस्तू खरंच हवी. आठाच्या आकड्यासारखा गुंडाळायचा किंवा लेसनं बांधायचा बाइंडर घोट्याला आत-बाहेर कलंडू देत नाही. फॅशियाच्या दुखण्यात मात्र घोटा बांधून तळपायाच्या पडद्यावरचा भार फारसा कमी होत नाही. काही माणसांना ताणाच्या कापडाचे, टाच उघडी ठेवून तळपाय धरणारे मोजे घातल्यावर बरं वाटतं. त्यांना मी ते देते, पण पॅडच्या किंवा इनसोलच्या जोडीला.

माप घेताना घोट्याच्या हाडांच्या जरा वर, जिथं पाय सर्वांत बारीक असतो तिथला घेर टेपनं मोजायचा. चपलेचा नंबर सांगून अँकलेट मागू नये; सारख्या नंबरच्या दोन पायांचे घेर निराळे असतात. संध्याकाळी पाय सुजणाऱ्यांनी माप संध्याकाळीच द्यावं. घातल्यावर बोटं गार पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या, तर ते लगेच काढायचं. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर झोपताना घालायचं नाही.

घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागं दुखत असेल आणि कमान अलीकडंच खाली बसत चालली असेल, तर मी त्या माणसाला टेबल धरून दुखऱ्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगते. टाच उचलताच येत नसेल तर कमान पेलणारी शीर निकामी होत असण्याची शक्यता असते. ते काम पट्ट्याचं नाही.

६. बूट बरोबर आणा

हील कप दुकानात मोकळ्या पायाला छान वाटतो. बुटात घातला की टाच उचलली जाते, मागची कड अपुरी पडते आणि चालताना पाय बाहेर येतो. पुढं बोटं दाबली जातात ते वेगळंच. म्हणून ज्या बुटात घालायचं तो बूट घेऊनच या, आणि त्यात आधीचं इनसोल निघत असेल तर ते काढून नवीन घाला. एकच टाच दुखत असली तरी टाच उंचावणारी वस्तू दोन्ही पायांत घालायची. एका बाजूनं उंच झालेला माणूस पुढं कंबर दुखते म्हणून येतो.

आणि रोजची चप्पल उलटी करून बघा. टाचेच्या जागी ती कागदासारखी पातळ झालेली असते, पुष्कळदा एकाच कडेला. नव्या आधाराआधी नवी चप्पल.

७. महागाचं आणि गुणाचं नातं पक्कं नाही

तयार हील कप काहीशे रुपयांत येतो. पायाचा साचा घेऊन खास बनवलेलं इनसोल काही हजारांत जातं. तब्येतीच्या काळजीनं माणसं आधी महागाकडं वळतात, त्यांना मी थांबवते.

१९९९ मध्ये अमेरिकेत पंधरा केंद्रांवर मिळून २३६ रुग्णांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांनी ताणाचे व्यायाम केले. काहींना जोडीला तयार पॅड, काहींना साच्यावरून बनवलेलं इनसोल दिलं. आठ आठवड्यांनी सिलिकॉनचा पॅड वापरणाऱ्यांत ९५ टक्क्यांना फरक पडला होता, नुसता व्यायाम करणाऱ्यांत ७२ टक्क्यांना, आणि खास बनवलेल्या इनसोलवाल्यांत ६८ टक्क्यांना. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १३५ रुग्णांच्या अभ्यासातही खास बनवलेलं आणि तयार घेतलेलं यांत फरक दिसला नाही. सुरुवातीच्या महिन्यांत दोन्हींनी थोडी मदत केली, वर्षाच्या अखेरीला सगळे जवळपास सारखेच होते.

पायाचा आकारच वेगळा असेल, जुनं फ्रॅक्चर, मधुमेहातली जखम, मुलांच्या पायातलं व्यंग, तिथं खास बनवलेलं लागतंच आणि त्यावरचा खर्च सत्कारणी लागतो. साध्या टाचदुखीला सुरुवात तयार वस्तूनं करावी.

त्याहून स्वस्त पारख चिकटपट्टीची. फिजिओथेरपिस्ट कमानीखालून टेप लावून पाय बांधतात, तो दोनेक दिवस टिकतो. त्या दोन दिवसांत सकाळचं पाऊल हलकं पडलं तर कमानीचा आधार या पायाला मानवणार असं समजायला हरकत नाही. काहीच फरक नाही तर इनसोलचे पैसे तूर्त खिशात राहू द्यावेत.

८. एक्स-रेमधला काटा

"टाचेचं हाड वाढलंय," असं सांगताना माणसाचा चेहरा उतरलेला असतो. एक्स-रेमध्ये काट्यासारखं टोक दिसतं आणि तेच टोचतंय असं वाटतं. टाच अजिबात न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांच्या एक्स-रेतही हे टोक दिसतं, आणि कित्येकांचं दुखणं थांबतं तरी टोक तिथंच असतं. काट्यासाठी म्हणून मधे भोक असलेला पॅड मागतात. भोकाची जागा बोटानं दाखवलेल्या दुखऱ्या जागेशी जुळली तर तो जरूर घ्यावा. एक्स-रेतल्या टोकाशी जुळवून घेऊ नये.

९. या टाचांना मी सामान विकत नाही

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. १६०० मीटरची वेळ गाठायची असते, घरच्या परिस्थितीचा रेटा असतो, आणि टाच दुखली तरी थांबायला मन होत नाही. अशा मुलाची टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली आणि तो कळवळला, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. जेलचा पॅड घालून तो आणखी महिनाभर पळेल आणि तडा वाढेल. त्याच्या हातात पॅड देणं मला पटत नाही. "आधी दाखवून ये, भरती पुढच्या वर्षीही निघते," असं म्हणून त्याला पाठवते. एखाद्याच्या डोळ्यांत पाणी येतं, पण ते सोसावं लागतं.

खो-खो, कबड्डी खेळणाऱ्या आठ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या टाचेत हाड वाढण्याची कूर्चा असते, ती ओढली गेली की खेळल्यावर टाच दुखते. १९१२ मध्ये जेम्स सेव्हर यांनी याची नोंद केली, म्हणून डॉक्टर त्यांचं नाव घेतात. वाढ पूर्ण झाली की ते आपोआप थांबतं. टाच उंचावणारी पट्टी आणि खेळात थोडी कपात यावर भागतं, पण तेही तपासून घेतल्यावर. आईबापांनी घाबरू नये आणि मुलाला नाटकी ठरवू नये.

तिशीच्या आतला तरुण, दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबरही आखडलेली असते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते, हे एकत्र आलं तर सांध्यांच्या वाताचे डॉक्टर गाठावेत.

आणि मधुमेह. इथं मी फार कडक आहे. पाय बधिर झालेल्या माणसाला पॅड टोचतोय, घासतोय हे कळतच नाही. संध्याकाळी मोजा काढतो तेव्हा रक्त दिसतं. मधुमेह असेल तर डॉक्टर नायलॉनच्या बारीक तंतूनं तळपायाची संवेदना तपासतात, ती तपासणी झाली का ते मी आधी विचारते. एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, त्यांच्यासाठी फार मोलाचं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून या रबराच्या पादत्राणांवर काम केलं, आणि तेच शहाणपण पुढं मधुमेहींच्या पायांना लाभलं. अशी चप्पल घ्या, मागं पट्टा असलेली घ्या, आणि रोज रात्री आरशात तळपाय बघा. दिसत नसेल तर घरातल्या कुणाकडून बघून घ्या.

१०. रात्रीचा स्प्लिंट सगळ्यांना झेपत नाही

हा पाऊल पोटरीशी काटकोनात धरून ठेवतो, म्हणजे पडदा रात्री आखडत नाही. महिनोन्‌महिने सकाळचं पाऊल जड जाणाऱ्यांना याचा उपयोग होतो. पण मागून बुटासारखा येणारा मोठा स्प्लिंट घालून कुशीवर वळता येत नाही, उन्हाळ्यात पाय उबतो, आणि चार रात्रींत तो कपाटावर जातो. पुढून नडगीवर बसणारा हलका प्रकार जास्त जणांना सोसतो. दोन्ही घालून, स्टुलावर पाय लांब करून बघितल्याशिवाय घेऊ नका. रात्री उठून चालताना तो काढलाच पाहिजे.

११. वस्तू द्यायची ती व्यायामासकट

पिशवीत पॅड टाकताना मी दोन गोष्टी करून दाखवते. पहिली पलंगावरची. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, बोटं हातानं नडगीकडं ओढायची, तळपायाचा पडदा ताणलेला अंगठ्याला जाणवला पाहिजे. दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली खेप पाय जमिनीला लागायच्या आत. २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात पोटरीच्या नेहमीच्या ताणापेक्षा या ताणानं जास्त आराम पडलेला दिसला.

दुसरी जिन्याच्या पायरीवरची. बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, कठडा धरून एका पायावर हळू टाच उचलायची, वर क्षणभर थांबून तितक्याच हळू खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये २०१४ साली ४८ जणांवर हे करून पाहिलं तेव्हा दोन्ही गटांना टाचेखाली जेलचे पॅड दिले होते. तीन महिन्यांनी टाच उचलणाऱ्यांचा गट ताणाच्या व्यायामवाल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होता. पॅड सोसण्याची सोय करतो आणि पायात जोर येतो तो या मेहनतीनं. माझी टाच बरी झाली ती या पायरीवर, दुकान उघडण्याआधी. पहिल्या दोन आठवड्यांत काही जाणवत नाही. तेव्हाच सोडून देणारे फार.

१२. धुणं, बदलणं, सोडणं

सिलिकॉन रोज रात्री साबणाच्या पाण्यानं धुवावं, सावलीत वाळवावं, वर किंचित टाल्कम लावावं, नाहीतर धूळ चिकटून ते घासायला लागतं. उन्हात टाकू नये. पावसाळ्यात ओल्या बुटात ते तसंच ठेवलं की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. वाटीच्या कडा लोळायला लागल्या, अंगठ्याच्या दाबाला काच लागायला लागली, की ते बदलायचं, बाहेरून कितीही नवं दिसो.

बहुतेकांची टाच वर्षभरात शस्त्रक्रियेवाचून बरी होते. सकाळचं पाऊल सलग काही आठवडे सुखानं पडायला लागलं की आधार आधी घरात कमी करायचा, दिवसातून तासभर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास झाला नाही तर आणखी तासभर. उभ्या कामाच्या ठिकाणचा आधार सर्वांत शेवटी काढायचा. लांबच्या प्रवासाला, लग्नाच्या धावपळीत, वारीला निघताना तो पिशवीत असू द्यावा. गादी विरळ झालेल्या वयस्क टाचांनी मात्र तो सोडायची घाई करू नये. चष्मा वापरतात तसा तो कायम वापरला तरी काही बिघडत नाही.